विश्लेषण : मेलबर्नमध्ये रहाणेने अश्विनला इतक्या लवकर का आणले?

ॲडलेडमध्ये ३६ धावांत गारद झालेला संघ, पितृत्व रजेवर मायदेशी परतलेला विराट कोहली आणि जायबंदी शमी. २६ डिसेंबर २०२० रोजी मेलबर्न कसोटीत नाणेफेकही हरलेल्या अजिंक्य रहाणेला बचावात्मक पवित्रा घेण्यासाठी ही कारणे पुरेशी होती.

नेमके काय घडले?
बुमराने बर्न्सला शून्यावर बाद केले. तरीही रहाणेने चेंडू नवा असतानाच अश्विनला आणले. खेळपट्टीतील सुरुवातीच्या ओलाव्यावर चेंडू वळत होता. अश्विनने वेडला बाद केले. स्मिथसाठी लेग साइडला सापळा होता. तो शून्यावर पुजाराच्या हाती अडकला. पदार्पण करणाऱ्या सिराजला मात्र उपाहारानंतरच चेंडू मिळाला. ऑस्ट्रेलियाचा डाव १९५ धावांत आटोपला. पुढे भारत आठ गडी राखून जिंकला.

हे महत्त्वाचे का?
अश्विन महागडा ठरला असता, तर हाच निर्णय टीकेचा धनी झाला असता. या कसोटीतील रहाणेचे शतक सर्वांच्या लक्षात आहे. पण कर्णधाराचे मोजमाप त्याच्या धावांवर नव्हे, तर चेंडू कोणाला आणि कधी दिला यावर व्हायला हवे. तो निर्णय धावफलकावर दिसत नाही, इतकेच!