लेकीचा व्हिसा आणि जावयाची सही

मंगल परिणय होतो, जावई अमेरिकेला परततो आणि लेकीचा व्हिसा अडतो तो आय-८६४ या हमीपत्रापाशी. जावयाची कमाई तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट लागते. २०२५ च्या आकड्यांनी दोघांसाठी सहसा वर्षाला २६,४३७ डॉलर. कमी पडली तर जोडीला दुसरा हमीदार चालतो, पण तोही तिथेच राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक हवा. इथल्या बापाने पीएफ काढून उपयोग नाही, त्याची सही चालतच नाही.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढेच. ही हमी घटस्फोटाने संपत नाही! लेक तिथली नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खाती कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत ती कायद्याने टिकते. देश कायमचा सोडला तर सुटते. नवऱ्याने टाकले तर पोटापाण्यासाठी लेक त्याच कागदावर कोर्टात जाऊ शकते. म्हणून आयांनो, सही झालेल्या हमीपत्राची एक झेरॉक्स लेकीजवळ आणि एक आपल्या ट्रंकेत ठेवा.