गाणे तिचे, हट्टही तिचाच

संगीताच्या दुनियेत ग्रॅमी पुरस्काराला मोठा मान आहे. अमेरिकेची गायिका आणि गीतकार ल्युसिंडा विल्यम्स हिला हा पुरस्कार तीन वेळा मिळाला. पण खरे नवल पुढेच आहे. १९९४ साली तो तिला कंट्री गीताबद्दल मिळाला, १९९९ साली लोकसंगीताच्या विभागात आणि २००२ साली रॉक गायनाबद्दल. एकच बाई, तोच आवाज आणि तीच गिटार; पण तिला नेमक्या कोणत्या खणात ठेवावे, हे पुरस्कार देणाऱ्यांनाही दर वेळी नव्याने ठरवावे लागले. मग चाहत्यांचे तरी एकमत कसे व्हावे? ल्युसिंडाचे चाहते गेली पंचवीस वर्षे आपसांत वाद घालत आहेत आणि या वादातच तिच्या कारकिर्दीचे मर्म दडलेले आहे.

‘कंट्री’ म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण, कष्टकरी माणसांचे गाणे. गिटार, फिडल आणि बँजो ही त्याची वाद्ये. प्रेम, विरह, दारू, देव आणि दूरचा रस्ता हे त्याचे विषय. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहर हे या संगीताचे माहेरघर. पुढे त्यात भरपूर पैसा आला आणि पैशाबरोबर गुळगुळीतपणाही आला. तेव्हा काही कलावंतांनी नॅशव्हिलच्या साच्याकडे पाठ फिरवून जुन्या कंट्रीत रॉक आणि ब्लूजचा खरखरीतपणा मिसळला. १९९० च्या दशकात या प्रवाहाला ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’ असे नाव पडले. हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून ल्युसिंडा या वाटेवर चालत होती.

कवीची लेक

ल्युसिंडाचा जन्म २६ जानेवारी १९५३ रोजी लुइझियाना राज्यातील लेक चार्ल्स या गावी झाला. वडील मिलर विल्यम्स हे कवी आणि प्राध्यापक. बिल क्लिंटन यांच्या १९९७ सालच्या शपथविधीत स्वतःची कविता वाचण्याचा मान त्यांना मिळाला होता. आई पियानो वाजवीत असे. पण मानसिक आजाराने तिचे आयुष्य झाकोळले होते. आईवडील विभक्त झाले आणि मुले वडिलांकडे राहिली. वडिलांच्या नोकरीपायी कुटुंबाचे बिऱ्हाड सतत हलत राहिले. लुइझियाना, मिसिसिपी, जॉर्जिया, मेक्सिको, चिली अशी कितीतरी ठिकाणे झाली. शेवटी अर्कान्सास विद्यापीठाच्या गावी, फेएटव्हिलला, वडील स्थिरावले.

घरात लेखक आणि कवींचा राबता असे. मोठ्यांच्या गप्पा ऐकत ही मुलगी वाढली. बाराव्या वर्षी तिने गिटार हाती घेतली. त्याच वर्षी, १९६५ साली, वडिलांच्या एका विद्यार्थ्याने बॉब डिलनची नवी तबकडी घरी आणली. कविता आणि गाणे एकाच ठिकाणी नांदू शकतात, हे तिला त्या दिवशी उमगले. पुढे कितीतरी वर्षे नवे गीत लिहिले की ध्वनिमुद्रणापूर्वी ती ते वडिलांना दाखवीत असे. एखादा शब्द सैल वाटला तर ते तसे सांगत. शब्द पारखून घेण्याची ही शिस्त तिला घरातच लागली.

दोन्ही दारे बंद

तिची पहिली तबकडी १९७९ साली निघाली. तिच्यात जुनी ब्लूज आणि कंट्री गाणी होती. दुसऱ्या वर्षी स्वतःच्या गीतांची तबकडी आली. दोन्हींकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यानंतर तब्बल आठ वर्षे नवी तबकडी नाही. लहानसहान नोकऱ्या करायच्या आणि रात्री छोट्या क्लबांत गायचे, असा तो काळ होता.

लॉस एंजेलिसच्या कंपन्यांनी सांगितले की हे गाणे रॉकसाठी फारच कंट्री आहे. नॅशव्हिलच्या कंपन्यांनी सांगितले की हे कंट्रीसाठी फारच रॉक आहे. अखेर ‘रफ ट्रेड’ या मुख्यतः पंक संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश कंपनीने तिला जवळ केले आणि १९८८ साली ‘ल्युसिंडा विल्यम्स’ याच नावाची तबकडी बाहेर पडली. तिच्यातली गाणी इतरांनी उचलली. मेरी चेपिन कार्पेंटरने ‘पॅशनेट किसेस’ हे गीत लोकप्रिय केले आणि त्याच गीताने ल्युसिंडाला पहिले ग्रॅमी मिळवून दिले. एमिलू हॅरिस आणि टॉम पेटी यांच्यासारख्या नामवंतांनीही तिची गाणी गायिली. गीतकार म्हणून नाव झाले. पण तिचा स्वतःचा आवाज अजून मोजक्या लोकांपर्यंतच पोहोचला होता.

सहा वर्षांची प्रतीक्षा

१९९२ च्या ‘स्वीट ओल्ड वर्ल्ड’ नंतर पुढची तबकडी येण्यास सहा वर्षे लागली. १९९५ साली टेक्सासमधील ऑस्टिन शहरी काम सुरू झाले. सोबतीला गर्फ मॉर्लिक्स हा गिटारवादक होता. दहा वर्षांहून अधिक काळचा सहकारी. बरेच ध्वनिमुद्रण पार पडले. पण ल्युसिंडाचे समाधान होईना. स्टीव्ह अर्ल या गायकाच्या तबकडीत ती पाहुणी म्हणून गायिली, तेव्हा आपला आवाज असाच उतरला पाहिजे, असे तिच्या मनाने घेतले. झाले! जुने काम बाजूला ठेवून नॅशव्हिलमध्ये स्टीव्ह अर्ल आणि रे केनेडी यांच्यासह सर्व गाणी नव्याने सुरू झाली. मॉर्लिक्सने साथ सोडली. पुढे अर्लशीही खटके उडाले. शेवटचे संस्कार रॉय बिटन यांच्या हातून लॉस एंजेलिसमध्ये झाले.

या काळात तिच्याविषयी बरेच लिहिले गेले. हट्टी, लहरी, कधीच समाधान न होणारी अशी तिची प्रतिमा वृत्तपत्रांनी रंगवली. ‘परिपूर्णतेचे वेड’ हा शब्द तिला कायमचा चिकटला. पुरुष कलावंताने इतकीच वर्षे घेतली तर त्याला प्रतिभावंत म्हणतात आणि बाईने घेतली तर तिला विक्षिप्त ठरवतात, असे तिची बाजू घेणारे म्हणत. त्यात तथ्य होतेच. पण तिच्या हट्टापायी जुनी मैत्री तुटली, हेही तितकेच खरे होते.

जून १९९८ मध्ये ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ बाहेर पडली आणि टीकाकारांची तोंडे बंद झाली. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ने दरवर्षीप्रमाणे घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात ती त्या वर्षीची सर्वोत्तम तबकडी ठरली. दुसरे ग्रॅमी मिळाले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गावांची नावे, धुळीचे रस्ते, वाया गेलेले मित्र आणि स्वयंपाकघरातला रेडिओ असे सगळे तिच्यात होते. शीर्षकगीतात मोटारीच्या मागच्या आसनावर बसलेले एक रडवेले मूल आहे. ल्युसिंडाने ते लिहिले तेव्हा हे मूल आपणच आहोत, हे तिच्याही ध्यानात आले नव्हते. नॅशव्हिलमधील एका कार्यक्रमात वडिलांनी ते गीत ऐकले आणि नंतर लेकीजवळ येऊन तिची क्षमा मागितली. सततच्या बिऱ्हाडबदलाने पोरीच्या मनावर काय ओरखडे उठले, ते कवी बापाला लेकीच्या गाण्यातून कळले.

चाहत्यांचे दोन तट

खरा वाद सुरू झाला तो या यशानंतर. आता पुढची तबकडीही अशीच, गोष्टी सांगणारी असेल, अशी चाहत्यांची खात्री होती. पण २००१ ची ‘एसेन्स’ निराळीच निघाली. शब्द थोडे, ओळी आखूड, चाली संथ. २००३ ची ‘वर्ल्ड विदाउट टिअर्स’ तर एका जुन्या वाड्यात वाद्यवृंदासह जवळजवळ मैफलीसारखी ध्वनिमुद्रित झाली. काही ठिकाणी ती गाण्याऐवजी लयीत बोलते. एके काळी एका ओळीसाठी महिनोन्‌महिने थांबणारी गायिका आता आवाजातला चिराही तसाच ठेवू लागली.

चाहत्यांचे तट पडले. एका गटाचे म्हणणे असे की बाईंनी मेहनत सोडली. त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येतात, उच्चार अस्पष्ट होतात आणि पूर्वीची ती गावे, ती माणसे हरवली आहेत. दुसरा गट म्हणतो की खरी ल्युसिंडा इथेच भेटते. पन्नाशीतल्या बाईची इच्छा, संताप आणि एकटेपण इतक्या उघडपणे गाणारे दुसरे कोण आहे? आवाज जीर्ण झाला असेल, पण खोटा झालेला नाही.

वादाचे आणखी एक कारण तर चमत्कारिकच होते. ल्युसिंडाची गाणी दुःखाची म्हणून ख्यातनाम. पुढे टॉम ओव्हरबी यांच्याशी तिचे सूर जुळले आणि २००९ साली मिनिआपोलिसच्या रंगमंचावर, श्रोत्यांच्या साक्षीने, त्यांचे लग्न झाले. ओव्हरबी तिचे व्यवस्थापनही पाहू लागले. तेव्हा मुलाखतींतून तिला वारंवार विचारले गेले, ‘आता तुम्ही सुखी झालात, मग गाणी कशी लिहिणार?’ या प्रश्नाचा तिला राग येई, आणि तो रास्तच होता. आपल्याला चांगले गाणे ऐकायला मिळावे म्हणून दुसऱ्या माणसाने जन्मभर दुःखी राहावे, ही कोणती रसिकता?

वडिलांचे शब्द, मुलीचा सूर

२०१४ साली तिने स्वतःची कंपनी काढली आणि दोन तबकड्यांचा मोठा संच प्रसिद्ध केला. त्यातील पहिले गीत वडिलांच्या ‘कम्पॅशन’ या कवितेवर बेतलेले आहे. त्या वेळी वडिलांना स्मृतिभ्रंश झाला होता. १ जानेवारी २०१५ रोजी ते गेले. ज्या वडिलांनी आयुष्यभर तिचे शब्द तपासले, त्यांचेच शब्द तिने अखेरीस आपल्या आवाजात जपले. या गाण्यापाशी दोन्ही तटांचे भांडण थोडे थांबते.

पण थोडेच! २०१७ साली तिने १९९२ ची संपूर्ण तबकडी नव्याने गाऊन काढली. एका गीताचे नावही बदलले. जुन्या चाहत्यांना हा ठेवणीतल्या वस्तूला हात लावण्याचा प्रकार वाटला. इतरांना चाळिशीच्या उंबरठ्यावर लिहिलेली गाणी साठी ओलांडलेल्या गळ्यातून ऐकण्यात वेगळा अर्थ सापडला.

आजारपणाचा घाला

नोव्हेंबर २०२० मध्ये ल्युसिंडाला पक्षाघाताचा झटका आला. शरीराच्या डाव्या बाजूवर परिणाम झाला. चालणे पुन्हा शिकावे लागले. डाव्या हाताची बोटे गिटारच्या तारांवर वळेनात. बाराव्या वर्षापासून सोबत असलेले वाद्य असे हातून सुटले. पण आवाज शाबूत होता. २०२१ साली ती रंगमंचावर परतली. प्रारंभी खुर्चीत बसून गायिली. गिटार आता सोबतचे वादक वाजवू लागले. २०२३ साली तिचे आत्मचरित्र आणि नवी तबकडी अशी दोन्ही प्रसिद्ध झाली. तबकडीत ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॅटी स्कॅल्फा यांनी तिला स्वरसाथ दिली. गिटार घेऊन एकटीने चाल बांधणे अवघड झाल्याने तिने इतरांच्या सोबतीने गाणी रचली. कोणाचेही काम पसंत न पडणारी म्हणून एके काळी गाजलेल्या गायिकेने इतरांच्या हातांवर विश्वास टाकला.

ल्युसिंडाची ओळख नव्याने करून घ्यायची असेल तर १९९८ ची तबकडी आधी ऐकावी आणि लगोलग २००३ ची. पहिलीत प्रत्येक शब्द घासूनपुसून ठेवलेला आहे. दुसरीत सगळे कढत कढत पुढ्यात येते. आपण कोणत्या तटात बसतो, ते ज्याचे त्याला कळेल. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या हट्टाने तिने सहा वर्षे चाहत्यांना ताटकळत ठेवले, त्याच हट्टाने पुढे तिने तीच तबकडी पुन्हा गिरवण्याचे नाकारले. तिचा पहिला हट्ट ज्यांनी डोक्यावर घेतला, त्यांनी दुसऱ्याबद्दल रुसून बसावे हे काही बरे नाही.