अंगणातले विष आणि आपले कर्तव्य



घरात मूल आजारी पडले म्हणजे आईबाप औषधासाठी धावतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या अंगणात ते मूल रांगते, त्या अंगणाची मातीच विषारी असेल, तर कोणते औषध त्यास तारील? हा प्रश्न काल्पनिक नाही. आफ्रिका खंडातील नायजेरिया देशाच्या झाम्फारा प्रांतात तो शेकडो आईबापांपुढे उभा राहिला.

तेथील खेड्यांत गरीब कुटुंबे सोन्याचा अंश असलेले दगड खाणीतून घरी आणीत आणि चक्कीत भरडीत. सोन्याचा भाव चढला, तसे हे काम वाढले. त्या दगडांत सोन्याबरोबर शिसेही होते, आणि तेही विपुल. भरडताना उडणारी धूळ अंगणात, अन्नात, पाण्यात मिसळली. २०१० साली मुले आकडी येऊन दगावू लागली. प्रथम हा हिवताप समजला गेला. परंतु रक्त तपासले तेव्हा त्यात शिसे सापडले. निदान ४०० बालके या विषाने मृत्यू पावली.

मुलांवरच हा घाला का पडतो? मूल जमिनीवर खेळते आणि मातीचा हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे त्याचे शरीर मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. थोडे शिसे जीव घेत नाही, पण बुद्धी मंदावते, आणि ही हानी पुढे भरून येत नाही. मूल शाळेत मागे पडते. आपण त्यास आळशी म्हणतो.

झाम्फाराच्या डॉक्टरांनी एक कठोर सत्य ओळखले: अंगण स्वच्छ झाल्याविना औषध व्यर्थ आहे, कारण बरे झालेले मूल त्याच मातीत परत जाईल. म्हणून वरची माती खरवडून दूर पुरण्यात आली आणि तिच्या जागी स्वच्छ माती घालण्यात आली. हे काम केवळ बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी केले नाही. गावच्या प्रमुखांशी बोलणी झाली, घराघराची संमती घेतली गेली आणि गावच्याच माणसांनी शिकून फावडी हाती घेतली. पोटाचा धंदा एकदम सोडा, असे त्यांना कोणी सांगितले असते तर ते कोणी ऐकले नसते. दगड भरडण्याचे काम गावाबाहेर न्या, असे सांगितले तेव्हा ते ऐकले गेले. याउलट बागेगा या मोठ्या गावाची माती सरकारी पैसा वेळेवर न मिळाल्याने २०१३ पर्यंत तशीच राहिली. विलंबाची किंमत मुलांनी दिली.

हे दूरचे दुःख आपले कसे, असे कोणी विचारील. २०२० साली युनिसेफ व 'प्युअर अर्थ' या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे. आपल्याकडे त्याचे एक मोठे उगमस्थान म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्या चोरट्या भट्ट्या. असली कामे कोणाच्या वाट्यास येतात आणि असल्या भट्ट्या कोणाच्या वस्तीशेजारी उभ्या राहतात, हे तुम्हांस सांगावयास नको. मुलांचे हे दुखणे पूर्वजन्मीचे फळ नव्हे, देवीचा कोपही नव्हे. त्याचे कारण मातीत आहे, आणि जे कारणाने येते ते कारण दूर करून घालविता येते.

म्हणून आपल्या वस्तीत कोणी घरी बॅटरी फोडीत असेल तर त्यास शत्रू समजू नका, त्याच्याशी बोला. कामाचे कपडे व चपला घराबाहेर ठेवावयास सांगा. अंगण कोरडे झाडू नका. पाणी शिंपडून झाडा, घर ओल्या फडक्याने पुसा. उघड्या मातीवर फरशी घाला. जेवणापूर्वी मुलांचे हात धुवा. पोटात लोह व कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते. तेव्हा पालेभाजी, नाचणी, दूध जमेल तसे मुलांना द्या. शंका आली तर सरकारी रुग्णालयात मुलाच्या रक्ततपासणीची मागणी करा.

तरीही फडके व साबण यांनी भट्टी बंद होत नाही. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नोंदणी नसलेल्यास त्या वितळविता येत नाहीत. हे नियम पाळले जावेत, मातीची तपासणी व्हावी, ही मागणी दहा घरांनी मिळून लेखी करावी आणि उत्तर येईपर्यंत सोडू नये. ती भीक नव्हे, हक्क आहे.

मुलांना शाळेत पाठविण्यासाठी आपण पोटास चिमटा घेतो. ज्या मेंदूने त्यांनी शिकावयाचे, तो अंगणातच नासत असेल तर त्या त्यागाचे काय? या पंधरवड्यात आपापल्या अंगणाकडे पाहा आणि शेजाऱ्यास हाक मारा.