रानवाटेवर कुत्र्याची साखळी

आषाढ-श्रावणात सातपुडा हिरवा झाला की बऱ्हाणपुरातील मंडळींची पावले असीरगडाकडे वळतात. शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर असलेला, १६०१ साली अकबराच्या हाती गेलेला हा दुर्ग पाहावा, महादेवाच्या देवळात क्षणभर बसावे, तेथे पहाटे फूल वाहून जाणाऱ्या अश्वत्थाम्याची आख्यायिका मुलांना सांगावी, असा हा जुना परिपाठ. अलीकडे काही कुटुंबांसमवेत त्यांचा पाळीव कुत्राही असतो. त्यास आमची हरकत नाही. चालण्याची एवढी हौस असलेला सोबती माणसांतही क्वचितच लाभतो! आमची हरकत आहे ती पुढील गोष्टीस. रान लागले की धनी त्याच्या गळ्यातील साखळी काढतो आणि म्हणतो, "जरा मोकळा धावू द्या बिचाऱ्याला."

ही दया आम्हांस अविचाराची वाटते. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजामागून चालणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात कोणती दोरी होती, असे कोणी विचारील. परंतु तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म होता. आपला मोत्या ससा दिसताच स्वतःचे नावही विसरतो.

मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. पण लांडोर अंडी घालते ती झुडपाच्या आडोशाला, जमिनीवरच, आणि बहुधा याच पावसाळ्यात. तित्तिराचे घरटेही भुईवरच असते. कोकणच्या किनाऱ्यावरील अनुभव याहून निराळा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था आणि ग्रामस्थ २००२ पासून समुद्री कासवांची अंडी कुंपणाच्या आत नेऊन जपत आले आहेत. कारण माणसांप्रमाणेच कोल्ही-कुत्रीही ती वाळूतून उकरून काढीत. यात कुत्र्याचा दुष्टपणा नाही. वास आला की उकरणे हा त्याचा स्वभावच होय, आणि म्हणूनच साखळी धन्याने धरावयाची असते.

शिवाय संकट एकाच बाजूस नसते. महाराष्ट्रातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला. सातपुड्यातही बिबट्या आहे. झाडीत एकटा शिरलेला कुत्रा परत येईलच, याची हमी कोण देणार?

याहून सूक्ष्म भय रोगाचे. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात डिस्टेंपर या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले; भोवतालच्या गावांतील कुत्र्यांकडून तो पसरला असावा, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. २०१८ साली गीरच्या अरण्यात वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेस त्यांच्यापैकी काहींत हाच विषाणू सापडला. तेव्हा डिस्टेंपरची व रेबीजची लस टोचल्यावाचून कुत्र्यास रानात नेऊच नये. जेथे वनखात्याने कुत्र्यांस मनाई केली आहे, तेथे लस टोचलेला कुत्राही घरीच ठेवावा.

पण आम्हांस सर्वाधिक खटकते ते वेगळेच. या रानांत कोणी तरी शेळ्या राखीत असते. आपला कुत्रा 'खेळण्यासाठी' कळपात धावला की शेळ्या चौखूर उधळतात, गाभण शेळी पडते, करडू हरवते. आपण हसत-हसत घरी परततो. संध्याकाळी तो गरीब मनुष्य मात्र अंधारात करडू हुडकीत फिरतो. त्याच्या नुकसानीचा हिशेब सहलीच्या आनंदात कोणी मांडीत नाही.

साखळी फार लांब नसावी. पाच-सहा फूट पुरे. तिचे टोक लहान मुलाच्या हाती देऊ नये, कारण कुत्र्याने हिसका दिला की मूल घसरते. वाटेत शेळ्यांचा कळप आला तर वाट त्याची. आपण कुत्र्याला जवळ ओढून कडेला थांबावे. असीरगडाच्या चढणीवर अशी पाच मिनिटांची विश्रांती कोणास नको असते?