जवस भाजूनच का खावे?

सायनाइड म्हटले की रहस्यकथेतील खून आठवतो. पण हे विष काही वनस्पतीही तयार करतात. घरोघरी चटणीसाठी लागणारे जवस त्यांपैकीच एक.

जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने (स्थापना १९६४) जवसाचे अनेक वाण शेतकऱ्यांना दिले. मध्य प्रदेशाप्रमाणे विदर्भातही हे रब्बीचे जुने पीक. माणसांना तेल आणि चटणी, गुरांना पेंड.

जवसाच्या दाण्यात सायनाइड मोकळे नसते, साखरेशी बांधलेले असते. ते सुटे करणारे एन्झाइमही दाण्यातच, पण वेगळे असते. दाणा दळून ओला झाला की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड तयार होते. त्यामुळे पेशींना प्राणवायू वापरता येत नाही; रक्तात प्राणवायू असूनही जीव गुदमरतो.

अल्प प्रमाणातील सायनाइड यकृत गंधकाच्या मदतीने निरुपद्रवी करते व ते लघवीवाटे बाहेर पडते. हा गंधक डाळी, दूध, अंडी यांतील प्रथिनांतून मिळतो. म्हणून जेवणातील चमचा-दोन चमचे चटणीने निरोगी माणसाला अपाय होत नाही. शिवाय खमंग भाजल्याने ते एन्झाइम बऱ्याच अंशी निकामी होते. कच्च्या जवसाची पूड मात्र ‘औषधी’ म्हणून भरमसाट घेऊ नये. लहान मुलांना तर देऊच नये.

तेलात हे विष फारसे उतरत नाही, पेंडीत राहते. गुरांसाठी पेंड कोमट पाण्यात भिजत ठेवणे धोक्याचे. ती उकळत्या पाण्यात घालून शिजवावी. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे फुटवे यांतही हेच विष असते. फुलोऱ्यापूर्वी ज्वारीच्या शेतात गुरे सोडू नयेत.

चाऱ्यातील सायनाइड प्रयोगशाळेत पिक्रेटच्या कागदाने ओळखतात. पिवळा कागद विटकरी होतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे.

चारा खाल्ल्यावर जनावर धापा टाकू लागले, थरथरले, कोसळले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनांनी ते वाचू शकते, पण पशुवैद्य तातडीने पोहोचला तरच.