इंजिनाचे सीसी मोजणारा कर

मारुतीची ब्रेझा आणि मारुतीचीच फ्राँक्स. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आत बसणाऱ्या, दोन्ही पाच माणसांच्या. ब्रेझात १४६२ सीसीचं, टर्बो नसलेलं साधं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. फ्राँक्सच्या टर्बो मॉडेलमध्ये ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं. ताकद दोघांचीही शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. तरीही २२ सप्टेंबर २०२५ पासून ब्रेझावर ४० टक्के जीएसटी आहे आणि फ्राँक्सवर १८ टक्के. रस्त्यावर दोघी काम एकच करतात. सरकार मोजतं ती सिलिंडरच्या आतली पोकळी.

सीसीची ही रेघ २००६ च्या अर्थसंकल्पातली आहे. लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर ती छोटी गाडी, आणि तिच्यावरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के. त्या काळी हे योग्यच होतं. इंजिन लहान म्हणजे ताकद कमी, पेट्रोल कमी, गाडी साध्या घरातली, असा हिशेब तेव्हा जुळत होता. टर्बोने तो हिशेब मोडला. ह्युंदाईची व्हेन्यू २०१९ मध्ये आली तीच मुळी ९९८ सीसीत १२० हॉर्सपॉवर घेऊन. जीएसटी आला, त्याचे टप्पे बदलले, पण १२०० ची रेघ जागची हलली नाही. म्हणून कंपन्या रेघेच्या आत राहून ताकद वाढवत राहिल्या, आणि आपल्या दारात कोणतं इंजिन उभं राहणार हे बऱ्याच अंशी कराच्या तक्त्याने ठरवलं.

माझी नोकरी एसटीच्या पेणजवळच्या रामवाडीतल्या कार्यशाळेत इंजिनं उघडण्यात गेली, त्यामुळे टर्बोचं मला वावडं नाही. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतं. लोहाराच्या भात्यासारखंच हे काम: हवा जास्त, जाळ मोठा. फक्त हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर तुटला की दांडा घासतो, मग शिट्टी ऐकू येते, मागून निळा धूर येतो आणि खर्च दारात येतो. एसटीच्या डिझेल इंजिनांवरचे टर्बो वर्षानुवर्षं चालले, कारण ऑईल वेळेवर बदललं जायचं आणि गाडी रोज कुणाच्या तरी नजरेखालून जायची. घरगुती गाडीला असा डेपो नसतो.

लहान टर्बो इंजिन चढाला खरोखर चांगलं ओढतं, हे मी मनापासून सांगतो. मुंबई-गोवा महामार्गावरची, नागोठण्यापुढची सुकेळी खिंड घ्या. पाच माणसं, डिकीत गावचं सामान, एसी चालू. ब्रेझाचं इंजिन आपला पूर्ण जोर, १३७ न्यूटन मीटर, ४४०० फेऱ्यांवर देतं. म्हणजे खालचा गिअर टाकून इंजिन ओरडवावं लागतं. फ्राँक्सचं टर्बो १४८ च्या आसपासचा जोर २००० फेऱ्यांपासून देतं. नव्या ड्रायव्हरला, वयस्कर माणसाला हा फार मोठा आधार आहे.

अडचण आहे ती कागदावरच्या अ‍ॅव्हरेजची. पूर्वी चाकणला बनणाऱ्या स्कोडा रॅपिडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा तिचं चार सिलिंडरचं १.६ लिटरचं इंजिन गेलं आणि तीन सिलिंडरचं १ लिटरचं टर्बो आलं. ताकद १०५ वरून ११० झाली आणि प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला जवळपास १९ किलोमीटर लागलं. हा आकडा खोटा नाही. पण आतापर्यंत ही चाचणी फिरत्या रुळांवर, एसी बंद ठेवून, पायाखाली अंडं ठेवल्यागत पेडल दाबून होत आली आहे. वेग ९० च्या वर जात नाही. टर्बो जेमतेम जागा होतो, आणि लहान इंजिन लहान इंजिनासारखं पेट्रोल पितं.

आता तीच गाडी वडखळ-नागोठणे-कोलाड या पट्ट्यात आणा, जिथे २०११ पासून चौपदरीकरण चाललं आहे. खड्डा आला की दुसरा गिअर. खड्ड्यातून बाहेर पडताना फेरे खाली, टर्बो झोपलेला, गाडी दम धरते. ड्रायव्हर पाय आणखी दाबतो, टर्बो एकदम जागा होतो, गाडी झेप घेते, पुढे पुन्हा खड्डा. प्रत्येक झेपेला हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त. इंजिन फार तापलं तर ते थंड ठेवायला आणखी पेट्रोल फवारलं जातं. मग लोक मला विचारतात, शोरूममध्ये सांगितलेलं अ‍ॅव्हरेज गेलं कुठे? साध्या मोठ्या इंजिनातही कागद आणि रस्ता यांत अंतर असतं. भरलेल्या टर्बो गाडीत ते जास्त पडतं, हा माझा अनुभव आहे.

रामवाडीला चहाला थांबणाऱ्या मुंबईच्या गाड्या मी रोज पाहतो. जोरात येतात, ब्रेक दाबतात आणि त्याच क्षणी इंजिन बंद. टर्बो लालबुंद असताना त्यातलं ऑईल जागच्या जागी करपतं. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा पंप असतो, सगळ्यांत नसतो. अर्धा-एक मिनिट गाडी नुसती चालू ठेवा, एवढं गाडीची चावी देताना कुणी सांगत नाही. पेण बाजारापुरती फिरणारी गाडी तर वेगळंच दुखणं घेऊन येते: इंजिन पुरतं तापतच नाही आणि कच्चं पेट्रोल ऑईलमध्ये उतरून ते पातळ करतं. अशा गाडीचं ऑईल किलोमीटरवर नाही, महिन्यांवर बदलायला हवं. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, तिथे आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी साचते, कारण ती धुवायला पेट्रोल तिथून जातच नाही.

मला सर्वांत जास्त काळजी दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाची वाटते. पेण-रोह्याच्या गावांत पहिली गाडी येते ती बहुधा जुनी. आजवर ती आल्टो, वॅगनआर, सँट्रो असायची. गावातला मेकॅनिक रिंगा-व्हॉल्व्ह करून ती पुन्हा उभी करायचा. २०२० च्या आसपास घेतलेल्या टर्बो गाड्या आता या बाजारात उतरत आहेत. रोह्याकडच्या एका शेतकऱ्याने अशी गाडी घेतली. रंग चकचकीत, सीट नव्या, ऑईलचा मात्र एकही कागद नाही. टर्बो गेला आणि अख्खा नवा बसवावा लागला. पहिल्या मालकाने वाचवलेले ऑईलचे पैसे या माणसाने भरले.

म्हणून जीएसटी परिषदेने सीसीची रेघ पुसावी आणि कर गाडी किलोमीटरला किती पेट्रोल जाळते यावर लावावा. तोही एसी चालू ठेवून, भार घालून केलेल्या चाचणीवर. आज मारुतीची ग्रँड व्हिटारा हायब्रिड प्रमाणित चाचणीत लिटरला २७.९७ किलोमीटर देते आणि तरी ४० टक्क्यांत बसते, कारण ती चार मीटरहून लांब आहे आणि तिचं इंजिन १२०० सीसीच्या वर आहे. पेट्रोल वाचवणाऱ्याला जास्त कर, हे कोणत्या हिशेबात बसतं? रेघ गेली तर कंपन्यांनाही मोकळीक मिळेल. ज्याला घाट चढायचा आहे त्याला टर्बो, ज्याला पंधरा वर्षं गावच्या मेकॅनिककडून गाडी चालवून घ्यायची आहे त्याला साधं दीड लिटरचं, आणि दोन्ही पेट्रोलच्या हिशेबाने रास्त किमतीत.

तोवर विचारायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. जुनी टर्बो घेणार असाल तर आधी ऑईलची बिलं मागा, तारखांसकट. नसतील तर दुसरी गाडी बघा.