कँटरबरीची गादी आणि आपलं डोर्णकल



या पानावर आपण बहुतेक वेळा जुनं हैदराबाद, आपल्या शाळा, गणेशोत्सव, काचीगुड्याचे वाडे यांबद्दल लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. इंग्लंडचं जे अँग्लिकन चर्च, त्याच्या जगभरच्या कुटुंबात सध्या मोठी फूट पडते आहे. आपला काय संबंध, असं कुणीही म्हणेल. संबंध आहे. ज्या प्रश्नावर ते लोक आज अडलेत, त्याचं एक चांगलं उत्तर आपल्याच भागात, मेदक आणि डोर्णकलच्या मातीत पूर्वी शोधलं गेलं होतं. म्हणून हे लिहितो आहे. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासक तर अजिबात नाही. बी.कॉम. होऊन आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासलेला माणूस आहे. त्यामुळे मी हे संस्था चालवण्याच्या अंगानं पाहतो.

आधी घडलं काय ते थोडक्यात सांगतो. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशप म्हणून जाहीर झालं. इ.स. ५९७ मध्ये ऑगस्टिन इंग्लंडला आले, तिथपासून धरलं तर या गादीवरच्या त्या १०६ व्या आणि पहिल्याच स्त्री. पूर्वी त्या परिचारिका होत्या, इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी होत्या. मग दोनच आठवड्यांत, १६ ऑक्टोबरला, 'गॅफकॉन' या परंपरावादी गटानं जाहीर केलं की कँटरबरीचं नेतृत्व आम्हाला मान्य नाही, खरी जागतिक अँग्लिकन बिरादरी आता आम्हीच. आफ्रिकेतली मोठमोठी चर्चेस या गटात आहेत. अध्यक्ष रवांडाचे आर्चबिशप.

भांडण फक्त बाईमाणूस गादीवर बसण्याचं आहे, असं समजू नका. केनियात स्त्रिया बिशपसुद्धा आहेत, तरी तिथलं चर्च परंपरावाद्यांकडे आहे. मूळ दुखणं समलिंगी जोडप्यांचं. २००३ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला पुरुष जोडीदारासोबत राहणाऱ्या धर्मगुरूला बिशप केलं, तेव्हापासून ते चिघळलं. २००८ मध्ये जेरुसलेमला परिषद भरवून गॅफकॉन उभं राहिलं. २०२३ मध्ये इंग्लंडच्या चर्चनं समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना संमती दिली आणि उरलासुरला धागाही ताणला गेला.

आता बँकवाल्याच्या भाषेत सांगतो. कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे पोप नव्हेत. या बिरादरीत ४२ स्वतंत्र प्रांत-चर्चेस आहेत, सभासद सुमारे साडेआठ कोटी. प्रत्येकाची घटना वेगळी, निवडणूक वेगळी, तिजोरी वेगळी. आर्चबिशपांचा हुकूम इंग्लंडबाहेर चालत नाही. मोठ्या कारखान्याला पाच-सहा बँका मिळून कर्ज देतात, त्या कन्सॉर्शियममधली जी लीड बँक असते ना, तसं हे पद. लीड बँक बैठक बोलावते, कागद फिरवते, समजूत घालते. पण दुसऱ्या बँकेच्या बोर्डाला मंजुरी द्यायला ती लावू शकत नाही. लीड बँकेचा सगळा जोर विश्वासावर. तो गेला की बैठकीला लोक येणंच बंद करतात. मी अशा बैठकांना बसलेलो आहे. सह्या न करणारी बँक जितकी त्रासदायक असते, त्याहून खुर्चीच रिकामी ठेवणारी बँक जास्त.

हे दुखणंही नवं नाही. नाताळचे बिशप कोलेन्झो हे गणिताचे माणूस, त्यांची अंकगणिताची पुस्तकं शाळांमधून चालत. त्यांनी बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतले आकडे तपासले आणि हे हिशेब जुळत नाहीत, असं १८६२ मध्ये छापून टाकलं. (आमच्या इन्स्पेक्शन खात्यात शोभले असते!) केप टाउनच्या बिशपांनी त्यांना पदावरून काढलं, तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला की तुम्हाला तो अधिकारच नाही. मग १८६७ मध्ये आर्चबिशप लाँगली यांनी लॅम्बेथला पहिली परिषद बोलावली. ७६ बिशप आले. यॉर्कचे आर्चबिशप आलेच नाहीत. आणि लाँगलींनी आधीच सांगून टाकलं की इथे कुणावर बंधनकारक ठराव होणार नाहीत, नुसता विचारविनिमय होईल. म्हणजे ही बिरादरी पहिल्या दिवसापासून मतभेदावरच उभी आहे. भांडण झालं म्हणूनच ते एकत्र बसले.

आता आपल्या दाराशी येऊ. मेदकचं कॅथेड्रल आपण सगळ्यांनी सहलीला जाऊन पाहिलं आहे. दुष्काळात लोकांना काम आणि अन्न मिळावं म्हणून पॉस्नेट यांनी ते बांधायला घेतलं, २५ डिसेंबर १९२४ ला ते खुलं झालं. ते बांधलं वेस्लियन मेथडिस्टांनी. त्यांच्यात बिशप नसत. तिकडे वरंगळच्या पुढे डोर्णकलला होते बिशप अझरिया. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. १९१२ मध्ये कलकत्त्याला त्यांचा अभिषेक झाला, गोऱ्या मिशनऱ्यांपैकी पुष्कळांना हे रुचलेलं नसतानाही. या दोन पंथांची पद्धत वेगळी, दीक्षा वेगळी. एकाचा पाळक दुसऱ्याला पूर्ण पाळक वाटत नसे. आमच्या शाखेत एक तेलुगू ख्रिस्ती सहकारी होते. त्यांच्या घरची वडीलधारी माणसं १९८० च्या सुमारासही 'आम्ही वेस्लियन' असंच सांगत.

अझरिया आणि त्यांच्या सोबत्यांनी १९१९ मध्ये तरंगंबाडीला ठरवलं की युरोपातली भांडणं आपण वारसाहक्कानं का घ्यायची? त्यानंतर २८ वर्षं बोलणी चालली. अझरिया १ जानेवारी १९४५ ला गेले, त्यांना फळ दिसलं नाही. २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासला 'चर्च ऑफ साउथ इंडिया' उभं राहिलं. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल सगळे एका छताखाली आले.

मला खरं कौतुक आहे ते त्यांच्या करारनाम्याचं. मतभेद मिटले, असं त्यांनी खोटं लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं ते असं: आज जे पाळक आहेत ते सगळे जसे आहेत तसे मान्य, कुणाला दुसऱ्यांदा दीक्षा घ्यायला लावायची नाही. यापुढे नवी दीक्षा मात्र बिशपच्या हातून. कुठल्याही मंडळीवर तिच्या सदसद्विवेकाला न पटणारा पाळक लादायचा नाही. आणि या व्यवस्थेला मुदत ३० वर्षं, मग पुन्हा विचार. काय मान्य, काय अमान्य, किती काळ, हे सगळं कागदावर. वरिष्ठ अधिकाऱ्यालाही शिकण्यासारखा मसुदा आहे हा.

सगळे खूश झाले का? मुळीच नाही. इंग्लंडच्या अँग्लिकनांनी कितीतरी वर्षं या नव्या चर्चला पूर्ण आपलं मानलं नाही. खुद्द अझरियांच्या डोर्णकल धर्मप्रांतातले नंद्याळचे लोक बाहेरच राहिले. त्यांना कुणी बळजबरीनं ओढलं नाही, शापही दिला नाही. १९७५ मध्ये ते आपणहून आत आले. आणि पुढचं ऐका. २०१३ मध्ये या चर्चनं पहिली स्त्री बिशप निवडली, पुष्पललिता, त्या याच नंद्याळच्या! तेव्हा इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना बिशप होता येत नव्हतं. २०१२ मध्ये तो ठराव सामान्य सभासदांच्या सभागृहात सहा मतांनी पडला होता. २०१४ मध्ये मंजूर झाला, तोसुद्धा विरोधकांना त्यांच्या मताचे बिशप मिळतील अशी सोय करून दिल्यावरच.

उत्तरेतही असंच झालं. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं, सहा चर्चेस मिळून. लहान बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की कळत्या वयात, या जुन्या वादात त्यांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या. अमेरिकन मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर पडले, पण बाकीच्यांनी मुहूर्त मोडला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. मतभेदानं एकी मोडत नाही. मतभेद झाकून ठेवले, किंवा सगळ्याचा निकाल पुढाऱ्यानंच द्यावा असा हट्ट धरला, की मोडते.

गॅफकॉनवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, श्रद्धाच एक नसेल तर नुसत्या एकत्र फोटोला काय अर्थ? प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या टोकाला समलिंगी माणसं विचारतात, तुमची चर्चा संपेपर्यंत आम्ही कुठे उभं राहायचं? तोही रास्त आहे. मुदत वाढवली की व्याज कुणीतरी भरतंच, आणि ते नेहमी बैठकीत नसलेला माणूस भरतो. म्हणून मुदत लिहिलेली असावी. अनंतकाळ 'विचार चालू आहे' ही एकी नव्हे, ती टाळाटाळ.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मतभेद सांभाळायचे असतात, गैरकृत्य नाही. मुलालींच्या आधीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा दिला, तो मतभेदामुळे नाही. जॉन स्मिथ नावाच्या वकिलानं ख्रिस्ती शिबिरांच्या आडून १०० हून अधिक मुलांवर आणि तरुणांवर अत्याचार केले. वेल्बींना २०१३ मध्ये कळलं होतं, पण पुरेसा पाठपुरावा झाला नाही, असं मेकिन अहवालानं म्हटलं. स्मिथ खटल्याविनाच २०१८ मध्ये मेला. संस्थेचं नाव जाईल, लोक तुटतील, या भीतीनं अशा गोष्टी जिथे दाबल्या जातात, तिथे एकी हा शब्दच नासतो. बँकेत आम्ही दोन फाइली वेगळ्या ठेवायचो, मतभेदाची वेगळी, फ्रॉडची वेगळी. पहिलीत समजूत चालते. दुसरीत फक्त कारवाई.

आता पुढे काय? डिसेंबर २०२४ मध्ये अँग्लिकनांच्याच एका आयोगानं सुचवलं आहे की सल्लागार परिषदेचं अध्यक्षपद निरनिराळ्या भागांत फिरतं ठेवावं, सगळा भार कँटरबरीवर नको. मला ते पटतं. बहुसंख्य सभासद आफ्रिका-आशियात, आणि आर्चबिशप निवडणाऱ्या समितीत १७ पैकी इंग्लंडबाहेरचे फक्त ५ जण! हा हिशेब कोलेन्झोंनाही पटला नसता. लीड बँक बदलता येते. त्यासाठी कन्सॉर्शियम मोडायची गरज नसते. मुलालीबाईंना हे बदल स्वतःची खुर्ची थोडी लहान करूनच घडवावे लागतील. आणि गॅफकॉननं दार बंद करण्याआधी नंद्याळचा इतिहास एकदा वाचावा. बाहेर राहणारा उद्या आत येऊ शकतो, मात्र दोन्ही बाजूंनी कडी लावलेली नको.

आपल्यापैकी कुणी मेदक, डोर्णकल किंवा सिकंदराबादच्या मिशन शाळा-दवाखान्यांत शिकलं असेल, काम केलं असेल, तर आठवणी खाली जरूर लिहा. आणि मी जे म्हटलं ते पटलं नसेल तर तेही बिनदिक्कत लिहा. आपल्या पानावर तेवढी जागा नक्की आहे.